दोन विमानतळांमधलं अंतर आणि मधली आटपाडी

एक साधा प्रश्न. कोल्हापूरच्या विमानतळावरून सोलापूरच्या विमानतळापर्यंत हवेतून अंतर किती, आणि विमानाला वेळ किती लागेल? बहुतेक जण लगेच कॅल्क्युलेटर काढतील, अंतर भागिले वेग करतील आणि 'पंचवीस मिनिटं' असं उत्तर देऊन मेसकडे निघतील. अंतर बरोबर निघेल, वेळ मात्र चुकेल, आणि चांगली दुपटीने चुकेल. ती का चुकते, हे समजून घेणं हाच या लेखाचा उद्देश. यासाठी लागणारं गणित बारावीपर्यंत आपण सगळ्यांनी केलेलं आहे.

कोल्हापूर आणि सोलापूर हीच जोडी का घेतली? कारण या दोहोंच्या मध्ये आपली आटपाडी आहे. आणि हे 'मध्ये' नुसतं बोलण्यापुरतं नाही, भूमितीच्या अर्थाने सुद्धा खरं आहे, हे पुढे दिसेलच.

दोन विमानतळांची ओळख

कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ संस्थानी काळातला, १९३९ सालचा. आज त्याला छत्रपती राजाराम महाराजांचं नाव आहे. 'उडान' योजनेखाली इथून २०१८ मध्ये हैदराबाद आणि बंगळूरची विमानं सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. सोलापूरचा विमानतळ होटगी रोडवर आहे. तिथल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमान उतरण्याच्या वाटेत येते, म्हणून बरीच वर्षं वाद चालला. शेवटी जून २०२३ मध्ये ती पाडण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली.

आपण मात्र कोल्हापूर–सोलापूर ही फेरी कागदावरच उडवणार आहोत. त्यासाठी तिकीट लागत नाही.

पायरी पहिली : अंतर काढणे

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणताना ते नेमकं कुठून कुठपर्यंत मोजायचं? शहराच्या चौकापासून नाही आणि टर्मिनलच्या दारापासूनही नाही. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो. तो साधारणपणे धावपट्टीच्या मध्याजवळ असतो. त्याचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. ते असे :

कोल्हापूर : १६.६६५° उत्तर, ७४.२८९° पूर्व
सोलापूर : १७.६२८° उत्तर, ७५.९३५° पूर्व
आटपाडी : १७.४२° उत्तर, ७४.९५° पूर्व

आता पृथ्वी गोल आहे हे खरं, पण दोनशे किलोमीटरच्या तुकड्यापुरती ती सपाट धरली तरी बिघडत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सगळीकडे सुमारे १११.२ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जाल तसा आखडत जातो. त्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. आपल्याकडे, म्हणजे सरासरी १७.१५ अंशांवर, कोसाइन ०.९५५६ येतो. म्हणून रेखांशाचा एक अंश म्हणजे १०६.२५ किलोमीटर.

उत्तर दिशेला फरक : ०.९६३ × १११.२ = १०७.१ किमी
पूर्व दिशेला फरक : १.६४५ × १०६.२५ = १७४.८ किमी

पुढे पायथागोरस. १०७.१ चा वर्ग अधिक १७४.८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २०५. म्हणजे हवाई अंतर २०५ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत सुमारे १११ नॉटिकल मैल. नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हा आकडा असा विचित्र का? तर अक्षांशाच्या एका मिनिटाइतकं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर, हे त्याचं मूळ. नकाशावर अंश-मिनिटं मोजली की मैल आपोआप मिळतात, म्हणून जहाजवाल्यांनी तो धरला आणि विमानवाल्यांनी त्यांच्याकडून उचलला.

कोल्हापूर–दिल्लीसारखं लांबचं अंतर असेल तर सपाट पृथ्वी चालणार नाही. तिथे बृहद्‌वृत्त घ्यावं लागतं. गोलावरच्या दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट या वृत्तावरून जाते. त्याचा कोसाइनचा फॉर्म्युला असा : दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार. जी बेरीज येईल तो दोन ठिकाणांमधल्या कोनाचा कोसाइन. तो कोन अंशात काढून १११.२ ने गुणला की किलोमीटर.

पण इथे एक गंमत आहे, आणि न्यूमरिकल मेथड्सच्या व्हायवाला ती उपयोगी पडेल. कोल्हापूर–सोलापूरसाठी हा कोन १.८४ अंश इतका लहान आहे, की त्याचा कोसाइन ०.९९९४८ येतो. चार दशांश स्थळांची जुनी लॉग टेबलं वापरली तर तो ०.९९९५ असा वाचला जाईल. आता ०.९९९५ म्हणजे नेमका कोणता कोन? ०.९९९४५ पासून ०.९९९५५ पर्यंतचं काहीही. किलोमीटरमध्ये सांगायचं तर १९१ पासून २११ पर्यंतचं काहीही! फॉर्म्युला बरोबर, आकडे बरोबर, तरी उत्तरात वीस किलोमीटरची पोकळी. कारण शून्य अंशाजवळ कोसाइन जवळजवळ हलतच नाही. म्हणूनच जहाजांवरच्या लोकांनी लहान अंतरांसाठी हॅवरसाइन नावाचा वेगळा फॉर्म्युला वापरला. तो कोनाच्या निम्म्याच्या साइनवर चालतो आणि लहान कोनाला दगा देत नाही. आजचे कॅल्क्युलेटर बरीच स्थळं धरतात म्हणून आपल्याला हे जाणवत नाही, इतकंच.

आटपाडी नेमकी कुठे?

हीच रीत आटपाडीला लावून पाहा. आटपाडी ते कोल्हापूर विमानतळ सुमारे ११० किलोमीटर. आटपाडी ते सोलापूर विमानतळ सुमारे १०७ किलोमीटर. फरक फक्त तीनचा. म्हणजे कोल्हापूर, सोलापूर आणि आटपाडी हा जवळजवळ समद्विभुज त्रिकोण झाला. पाया २०५ किलोमीटरचा आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या. त्याची उंची, म्हणजे आटपाडीपासून पायावर टाकलेला लंब, सुमारे ३५ किलोमीटर येतो. पायाचा मध्यबिंदू जतच्या वायव्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर पडतो.

तेव्हा 'आपला विमानतळ कोणता?' या प्रश्नाला भूमिती उत्तर देत नाही. ती म्हणते, दोन्ही सारखेच लांब! सांगली जिल्ह्यात राहून सोलापूरकडे तोंड करायचं की कोल्हापूरकडे, हा माणदेशातला जुनाच पेच. तो विमानाच्या बाबतीतही सुटला नाही.

पायरी दुसरी : हवेतला वेळ

आता वेळ. छोट्या शहरांच्या मार्गांवर सध्या मुख्यतः दोन तऱ्हेची विमानं दिसतात. एक एटीआर-७२, पंख्याचं, सत्तरच्या आसपास आसनांचं. त्याचा उंचीवरचा वेग ताशी सुमारे ५१० किलोमीटर, म्हणजे मिनिटाला साडेआठ किलोमीटर. दुसरं एम्ब्रेयरचं जेट, ताशी ८३० च्या आसपास, म्हणजे मिनिटाला जवळजवळ चौदा.

२०५ भागिले साडेआठ म्हणजे २४ मिनिटं. सुरुवातीला म्हटलं ते 'पंचवीस मिनिटं' हेच. पण हा वेग विमानाला मिळतो कधी? एटीआर कोल्हापूरहून निघालं असं समजू. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. तिथून १५,००० फुटांवर चढायचं तर सरासरी मिनिटाला ८००-९०० फूट या हिशेबाने पंधरा मिनिटं लागतात. चढताना वेग कमी असतो. पंधरा मिनिटांत अंतर कापलं जातं साधारण ९० किलोमीटर.

उतरण्याचा हिशेब वैमानिक तोंडी करतात. दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. सोलापूर सुमारे १,६०० फुटांवर, म्हणजे उतरायचं साडेतेरा हजार फूट. तीनाने गुणलं की चाळीस मैल, म्हणजे ७४ किलोमीटर. हे तीनास-एक प्रमाण आलं कुठून? विमानं साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतात, आणि तीन अंशांचा टॅन्जंट काढला की हाच आकडा मिळतो. करून पाहा. एका नॉटिकल मैलात ६,०७६ फूट असतात एवढं लक्षात ठेवा.

चढण ९०, उतार ७४, एकूण १६४. २०५ मधून वजा केले तर सरळ उडायला उरले फक्त ४१ किलोमीटर. म्हणजे पाच मिनिटं! इतका वेळ तर वरच्या बॅगा ठेवण्यात जातो. एअर होस्टेसने चहाची गाडी बाहेर काढायची आणि परत आत न्यायची. या पाच मिनिटांतच विमान आटपाडीच्या समोरून जाईल, कारण आपला लंब कोल्हापूरपासून १०४ किलोमीटरवर पडतो. हवा स्वच्छ असेल तर डाव्या खिडकीतून माणदेशाचा माळ दिसेल.

शिवाय वळणं आहेतच. कोल्हापूरहून सोलापूरची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ५८ अंश. कोल्हापूरच्या धावपट्टीवर एका टोकाला ०७ आणि दुसऱ्या टोकाला २५ लिहिलेलं आहे, म्हणजे दिशा साधारण ७० आणि २५० अंश. पूर्वेकडे उड्डाण मिळालं तर विमान जवळजवळ सोलापूरच्याच रोखाने उडतं. पण विमान वाऱ्याच्या विरुद्ध उडवायचं असतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असताना २५ वरून, म्हणजे पंचगंगेच्या खोऱ्याकडे तोंड करून निघायचं आणि मग मागे वळायचं. सोलापूरची धावपट्टी १५-३३, म्हणजे आपल्या वाटेला जवळजवळ काटकोनात. तिथे सरळ जाऊन टेकता येत नाही, वळसा आलाच.

आता बेरीज करू. विमान जागचं हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी जागेवर थांबेपर्यंतच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर छापतात तो हाच. त्यात उंचीवरच्या वेगाने अंतर कापायचा वेळ सोडून बाकी काय काय येतं?

इंजिन सुरू करणे, धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, उड्डाण : १० मिनिटं
चढताना-उतरताना कमी वेगामुळे वाया जाणारा वेळ : ७ मिनिटं
उतरण्याआधीची वळणं : ८ मिनिटं
टेकल्यावर थांबण्याच्या जागेपर्यंत : ५ मिनिटं
एकूण : ३० मिनिटं

ही तीस मिनिटं अंतर शंभर असो की हजार, फारशी बदलत नाहीत. म्हणून सूत्र असं :

ब्लॉक टाइम = ३० मिनिटं + (अंतर ÷ वेग)

कोल्हापूर–सोलापूर एटीआरने ३० + २४ = ५४ मिनिटं. जेटने ३० + १५ = ४५ मिनिटं. वेग दीडपटीहून जास्त वाढवला, वाचली फक्त नऊ मिनिटं! म्हणूनच इतक्या जवळच्या मार्गावर जेट चालवण्यात फारसं हशील नाही. वारा सुद्धा इथे किरकोळ ठरतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर असेल, तर दोन्ही फेऱ्या मिळून अर्ध्या मिनिटाचा तोटा होतो. पण तोटाच होतो, हे लक्षात ठेवा. वाऱ्याचा फायदा-तोटा जाऊन-येऊन फिटत नाही, कारण तोंडावरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो.

सूत्र तपासून घेऊ. केंद्र सरकारने २०१६ मध्ये 'उडान' योजना आणली आणि एप्रिल २०१७ पासून तिच्याखाली विमानं उडू लागली. तिच्यात पाचशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास म्हणजे साधारण एक तास, असं धरून निम्म्या आसनांना सुरुवातीला २,५०० रुपयांची मर्यादा घातली होती. आपल्या सूत्राने ५०० किलोमीटरला जेटने ६६ मिनिटं येतात. म्हणजे आपण फार भरकटलेलो नाही.

जुनं विमान, नवं विमान

इतिहासातलं एक उदाहरण पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपालाचं विमान आणलं. पुढे ती टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. जुहू ते बेल्लारी नकाशावर पट्टीने रेघ मारा. ती विटा आणि आटपाडी यांच्या मधून जाते! अंतर सुमारे ६२० किलोमीटर. ते पस मॉथ विमान ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाचं, म्हणजे नुसतं अंतर कापायलाच जवळजवळ चार तास.

तेव्हा विमान हळू होतं, त्यामुळे जमिनीवर गेलेली वीस-तीस मिनिटं कुणाच्या खिजगणतीत नसत. आज जेट ६२० किलोमीटर पाऊण तासात कापतं आणि तीच तीस मिनिटं डोळ्यांत भरतात. यंत्र जितकं वेगवान, तितका यंत्राबाहेरचा वेळ मोठा.

पायरी तिसरी : दारापासून दारापर्यंत

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. तो होस्टेलच्या गेटवर सुरू होतो.

रस्ता कधी सरळ नसतो. म्हणून हवाई अंतराला १.२ ने गुणू. जीप किंवा कारचा सरासरी वेग, गावं, स्पीडब्रेकर आणि उसाचे ट्रॅक्टर धरून, ताशी ४८. हे दोन आकडे एकत्र केले की सोयीचा नियम मिळतो : हवाई एक किलोमीटर म्हणजे रस्त्यावर दीड मिनिट. चौपदरी हायवेवर याहून कमी लागेल आणि एस.टी.ने थांबत थांबत गेलं तर जास्त. पण तुलनेसाठी हा आकडा पुरेसा आहे.

विमानतळावर सुटण्याच्या सव्वा तास आधी पोचायचं, कारण चेक-इन काउंटर वेळेच्या बरंच आधी बंद होतं. पोचल्यावर सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास.

प्रथम गंमत म्हणून आटपाडीहून कोल्हापूरमार्गे विमानाने सोलापूरला जाऊ. कोल्हापूरपर्यंत रस्त्याने १६५ मिनिटं, थांबणं ७५, विमान ५४, बाहेर पडणं ३०. एकूण ३२४ मिनिटं, म्हणजे पाच तास चोवीस मिनिटं. आणि आटपाडीहून सांगोला, मंगळवेढा करत सरळ सोलापूर? १६० मिनिटं. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच!

आता खरी गरज. मुंबईला जायचं आहे. मुंबई कोल्हापूर विमानतळापासून ३०९ किलोमीटर, सोलापूरपासून ३६२ आणि आटपाडीपासून सरळ २८८.

कोल्हापूरमार्गे : १६५ + ७५ + (३० + २२) + ३० = ३२२ मिनिटं
सोलापूरमार्गे : १६० + ७५ + (३० + २६) + ३० = ३२१ मिनिटं
सरळ रस्त्याने : ४३२ मिनिटं

बघा! हवेतलं अंतर ५३ किलोमीटरने जास्त, आणि एकूण वेळेत फरक एका मिनिटाचा. दोन्ही विमानतळ वेळेच्या हिशेबानेही सारखेच. आणि रस्त्याने जाण्यापेक्षा विमानाने वाचतात एक तास पन्नास मिनिटं.

यातला प्रत्यक्ष 'अंतर भागिले वेग' हा भाग किती? ३२२ पैकी अवघी २२ मिनिटं. उद्या दुप्पट वेगाचं विमान आणलं तर वाचतील ११ मिनिटं. प्रकाशाच्या वेगाने जाणारं आणलं तरी पाच तास लागणारच! उलट आटपाडी ते कोल्हापूर रस्त्यावरचा सरासरी वेग ४८ चा ६० झाला, तर १६५ ची १३२ मिनिटं होतात. वाचली ३३. म्हणजे विटा-आटपाडी बाजूचा रस्ता सुधारल्याने मुंबई जितकी जवळ येते, तितकी ती जगातल्या कुठल्याही विमानाने येत नाही.

कॉम्प्युटरच्या मित्रांना इथे अ‍ॅमडालचा नियम आठवला असेल. १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल यांनी मांडलेलं तत्त्व हेच सांगतं : कामाचा एक भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण फायदा उरलेल्या भागाने बांधलेला असतो. प्रोसेसर असो की एम्ब्रेयर, हिशेब तोच.

विमान कधी परवडतं?

इथे 'परवडतं' म्हणजे वेळेच्या दृष्टीने. पैशांचं प्रत्येकाने आपलं पाहावं. आटपाडीकराच्या बाबतीत अंतरावर अवलंबून नसलेला वेळ १६५ + ७५ + ३० + ३० = ३०० मिनिटं. रस्त्याने दर किलोमीटरला दीड मिनिट. दोन्ही सारखे कधी होतील? समीकरण मांडा :

१.५ × अंतर = ३०० + (अंतर ÷ १३.८)

उत्तर येतं सुमारे २१० किलोमीटर. म्हणजे आटपाडीकराने हवाई २१० किलोमीटरच्या आतल्या ठिकाणासाठी विमानाचा विचारही करू नये. कोल्हापूर शहरात राहणाऱ्याला विमानतळ अर्ध्या तासावर आहे. त्याचे ३०० चे १६५ होतात आणि सीमा ११६ किलोमीटरवर येते. दोघांच्या खिशात तिकीट एकच, विमान एकच, पण फायदा वेगळा. विमानतळाचा पल्ला म्हणजे विमान कुठवर जातं एवढंच नाही. प्रवासी कुठून येतो यावरही तो ठरतो.

लांबच्या प्रवासाला मात्र विमानाचा हात कुणी धरू शकत नाही. हैदराबादचं पाहा. आटपाडीहून हवाई ३७० किलोमीटर, रस्त्याने ५५५ मिनिटं, म्हणजे सव्वानऊ तास. कोल्हापूरहून विमानाने जायचं तर आधी उलट्या दिशेला, पश्चिमेकडे जावं लागतं, आणि मग ४४५ किलोमीटर उडावं लागतं. तरीही एटीआरने एकूण १६५ + ७५ + ८२ + ३० = ३५२ मिनिटं. जवळजवळ साडेतीन तास वाचले. उलट्या दिशेला जाऊनसुद्धा!

शेवटचा घटक : गाडी आहे का?

आणखी एक वेळ असा आहे, जो ना तिकिटावर छापलेला असतो, ना घड्याळात दिसतो. समजा, तुम्हाला मुलाखतीचं पत्र आलं. वेळ कंपनीने ठरवलेली, विमानाची वेळ विमान कंपनीने ठरवलेली. दोन्ही जुळतीलच असं नाही. वाहतूक अभियांत्रिकीत याचा सोपा अंदाज असा : दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा चौथा भाग, इतकी सरासरी गैरसोय. दर तासाला एस.टी. असेल तर पंधरा मिनिटं. रोज एकच विमान असेल तर सहा तास. आठवड्यातून चारच दिवस असेल तर साडेदहा तास.

म्हणजे वाचलेले एक तास पन्नास मिनिटं इथे कुठल्या कुठे गेले. रात्रीच्या बसने निघालेला मुलगा झोपेत मुंबई गाठतो आणि सकाळी मुलाखतीला हजर होतो. विमानाने जाणारा आदल्या दिवशी जाऊन लॉजचं भाडं भरतो. यात विमानाचा दोष नाही. वेग आणि वारंवारिता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्यासारख्या गावांना बरेचदा दुसरीची गरज जास्त असते.

नवा विमानतळ झाला, नवा मार्ग सुरू झाला की पेपरात 'अमुक शहर आता तासाभरावर' असा मथळा येतो. सांगली जिल्ह्यातही विमानतळाची चर्चा कवलापूरच्या निमित्ताने अधूनमधून होत असते. ती व्हावीच. पण अभियंत्याने मथळा वाचल्यावर तीन प्रश्न विचारावेत : विमानतळापर्यंत पोचायला किती वेळ? विमान आठवड्यातून किती वेळा? आणि परतीची एस.टी. आहे का? रात्री साडेआठला सोलापूर विमानतळावर उतरलेल्या आटपाडीच्या माणसाला विमानाच्या वेगाचं कौतुक नसतं. शेवटची गाडी चुकू नये एवढीच त्याची इच्छा असते.

स्वतः करून पाहा

१) बेळगावचा सांबरा विमानतळ १५.८५९° उत्तर, ७४.६१८° पूर्व या ठिकाणी आहे. कोल्हापूर विमानतळापासून हवाई अंतर काढा. कोल्हापूर शहरातल्या माणसाने तिथे विमानाने जावं का?

२) पुण्याचा लोहगाव विमानतळ आटपाडीपासून हवाई १६९ किलोमीटर आहे. दिल्लीला जाण्यासाठी आटपाडीकराने पुणे गाठावं की कोल्हापूरहून मुंबईला जाऊन विमान बदलावं? मुंबईत विमान बदलायला दोन तास धरा.

३) आपल्या मूळ गावाचे अक्षांश-रेखांश शोधा. जवळचे दोन विमानतळ घ्या. त्रिकोण काढा आणि आपली सीमा किती किलोमीटर येते ते पाहा.

पहिल्याचं उत्तर सांगून टाकतो : ९६ किलोमीटर. ११६ च्या आत, म्हणून एस.टी. पकडा. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही काढा आणि आपापसांत भांडून ठरवा. तिसऱ्याचं प्रत्येकाचं वेगळं येईल. जेवताना मेसमध्ये ताळा करून पाहा. कुणाचं गाव विमानतळाच्या जवळ आहे आणि कुणाचं नुसतंच विमानाच्या वाटेखाली आहे, हे त्यातून कळेल.